वेतनाच्या पुस्तकात कामगार कितव्या प्रकरणात येतो?

वेतन व्यवस्थापनाचे पाठ्यपुस्तक नेमताना महाविद्यालयात बहुधा आवृत्ती किती नवी, किंमत किती आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी ते किती जुळते एवढेच पाहिले जाते. मी आधी अनुक्रमणिका पाहतो. कोणाच्या वाट्याला किती पैसे जावेत, हा वेतनाचा मूळ प्रश्न आहे. तो प्रश्न कोणाच्या बाजूने विचारायला सुरुवात केली, हे प्रकरणांच्या क्रमावरून लगेच कळते.

जॉर्ज मिल्कोविच आणि जेरी न्यूमन यांचे ‘कॉम्पेन्सेशन’ घ्या. १९८४ मध्ये पहिल्यांदा निघालेले हे अमेरिकन पुस्तक पुढे बॅरी गेरहार्ट यांच्या सहलेखनाने वाढत गेले. सी. एस. वेंकट रत्नम यांच्यासह त्याची भारतीय आवृत्तीही निघाली. हे पुस्तक चांगले आहे आणि त्याचे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवे. पहिल्याच प्रकरणात ते विद्यार्थ्याला सावध करते. एखाद्या कंपनीने कामगिरीवर आधारित वेतन सुरू केले आणि तिचा नफा वाढला, तर वेतनामुळे नफा वाढला की नफा होता म्हणून असे वेतन परवडले, हे आधी तपासा, असे ते सांगते. वेतन या गोष्टीकडे भागधारक, व्यवस्थापक, कर्मचारी आणि समाज वेगवेगळ्या नजरेने पाहतात, हेही ते सुरुवातीलाच नोंदवते. आपल्याकडे परीक्षेच्या तोंडावर खपणाऱ्या मार्गदर्शकांत यातले काहीच नसते. तिथे बोनसचा कायदा म्हणजे कलमांची यादी आणि ग्रॅच्युइटी म्हणजे पाठ करायचे सूत्र. त्या सूत्रात पंधराला सव्वीसने का भागायचे, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडूच नये अशी त्यांची मांडणी असते. त्यामुळे ‘परदेशी पुस्तक नको, देशी हवे’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

तरीही क्रमाचा प्रश्न उरतोच. मिल्कोविच-न्यूमन यांच्या मांडणीत आधी कंपनीचे धोरण येते, मग कामांची अंतर्गत उतरंड, मग बाजारातल्या पगारांची पाहणी, मग कामगिरीचे मोजमाप, मग इतर लाभ. कामगार संघटना आणि कायदा येतात ते पुस्तकाच्या शेवटच्या भागात. अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या दहा कामगारांमागे एकसुद्धा धड संघटनेत नाही, म्हणून तिथे हा क्रम खपून जातो. तिथला मनुष्यबळ अधिकारी बहुतेक वेळा पगाराची श्रेणी खरोखरच आपल्या टेबलावर ठरवतो. पण हाच क्रम उचलून मुंबई-पुण्याच्या वर्गात शिकवला, की इथला पगार मुळात कसा घडला हेच विद्यार्थ्यापासून लपते.

बोनसचेच पाहा. पुस्तकी वर्गीकरणात बोनस ‘बदलत्या वेतना’त पडतो. चांगल्या कामगिरीसाठी व्यवस्थापनाने दिलेले उत्तेजन, असा त्याचा अर्थ विद्यार्थी लिहितो आणि त्याला गुण मिळतात. मुंबईच्या गिरणगावात हा अर्थ कधीच चालला नसता. पहिल्या महायुद्धातल्या महागाईत गिरणीमालकांनी जादा रक्कम द्यायला सुरुवात केली आणि पुढे ती दरवर्षीची झाली. १९२३ ची रक्कम द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा १९२४ च्या आरंभी दीड लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा वसूल करता येईल असा हक्क नाही. संप हरला. पण मागणी संपली नाही. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद आणि भांडवलावरचा परतावा वजा करून जे उरते, त्यात कामगाराचाही वाटा आहे. कारण ते उत्पन्न भांडवल आणि श्रम या दोघांनी मिळून कमावलेले असते, आणि मिळणारा पगार व माणसासारखे जगायला लागणारा पगार यांत अंतर असते. १९६५ च्या बोनस कायद्यामागे हा सगळा प्रवास आहे. आज पात्र कामगाराला कंपनी तोट्यात असली तरी किमान ८.३३ टक्के, म्हणजे कायद्याने धरलेल्या वार्षिक वेतनाचा बारावा हिस्सा द्यावा लागतो. तोट्यातही द्यावे लागणारे उत्तेजन कसले? ते थकलेले वेतन आहे. सुमारे पंचवीस वर्षांत एका समितीने नाकारलेला हक्क दुसऱ्या न्यायपीठाने मान्य केला, आणि त्याची किंमत गिरणगावातल्या कुटुंबांनी उपाशी राहून मोजली. वेतनाचे पुस्तक या इतिहासाने सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते.

कामाचे मूल्यमापन हे प्रकरण प्रत्येक पुस्तकात असते. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती यांना गुण देऊन कामाची किंमत ठरवायची. तक्ते देखणे असतात. पण गुण देणारा कोण, हे तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी माझ्या मते मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा या खटल्याइतका चांगला धडा दुसरा नाही. डिकॉस्टा या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांकडच्या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांना वेगळी आणि वरची श्रेणी होती. महिलांचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे, कंपनीची आर्थिक स्थिती बिकट आहे, आणि श्रेणी युनियनबरोबरच्या करारातून आली आहे, असा बचाव झाला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. काम सारखे असेल तर मालकाची ऐपत हा मुद्दा होत नाही आणि करारही १९७६ च्या समान मोबदला कायद्यापुढे टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. यात युनियनही निर्दोष सुटत नाही, म्हणून हे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. कामगारांच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकानेही ते टाळू नये.

किमान वेतनाच्या प्रकरणात बहुतेक पुस्तके दरांचा तक्ता देतात. दर बदलतात आणि तक्ता शिळा होतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने मान्य केलेला हिशेब मात्र शिकवण्यासारखा आहे. पुरुष एक, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, मिळून तीन उपभोग एकके. प्रत्येक एककाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ च्या रेप्टाकॉस ब्रेट निकालाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या बाजारभावाने हा हिशेब एकदा हाताने मांडला, तर पत्नीला ०.८ का धरले आणि घरातले म्हातारे आईवडील मोजणीत का नाहीत, हे प्रश्न त्याला आपोआप पडतील. २०१९ मध्ये किमान वेतनावरच्या अनुप सत्पथी समितीनेही एककांची संख्या ३.६ करायला सुचवले.

एक जागा मात्र देशी-विदेशी सगळ्याच पुस्तकांत रिकामी आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे वेतन व्यक्तीचे नसते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधी मिळते, काम नंतर. दर टनावर, मधे मुकादमाचे कमिशन, आणि एखादा दिवस चुकला की खाड्याचा दंड. बाई आजारी पडली तर नुकसान जोडप्याचे होते, पण तिच्या नावाने वेगळा पगार कुठेच नसतो. व्यक्ती हेच एकक धरून चालणारी वेतनशास्त्राची प्रतिमाने इथे लागूच पडत नाहीत. साखर कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला लागणाऱ्या पदवीधराला याचा एक परिच्छेदही वाचायला मिळू नये, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वेतन प्रदान, किमान वेतन, बोनस आणि समान मोबदला हे चार जुने कायदे तिने पोटात घेतले. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून वाढले, तर वरचा भाग आता वेतनातच धरला जातो. बेसिक लहान ठेवून भत्ते फुगवायचे आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचा भार कमी करायचा, ही चाल त्यामुळे अवघड झाली आहे. साहजिकच पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या येतील. त्यांत कायद्याचे प्रकरण पुन्हा शेवटी जोडले जाईल, की पहिल्या पानापासून पुस्तक नव्याने विणले जाईल, हे पाहावे लागेल.

तोवर शिक्षकांच्या हातात प्रश्नपत्रिका आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या कायम आणि कंत्राटी कामगाराची पगारपत्रके, नावे काढून, विद्यार्थ्यासमोर ठेवावीत. दोन्हींतला फरक कोणत्या आधारावर समर्थनीय ठरतो ते लिही, आणि तेच उत्तर त्या कंत्राटी कामगाराला तोंडावर देता येईल का तेही लिही, असा वीस गुणांचा प्रश्न घालावा. नेमलेले पुस्तक वाचून त्याचे उत्तर लिहिता येत नसेल, तर पुढच्या वर्षी पुस्तक बदलावे.