सतरंजीवरचा डाग

कामठ्याच्या त्या घरात मळणी उरकली होती आणि सपरीत धानाचे कट्टे माणसाच्या उंचीचे लागले होते. खरेदी केंद्रावर नंबर लागायला अजून वेळ होता. तोवर घरातल्या प्रत्येकाचा जीव त्या कट्ट्यांत अडकलेला. उंदरांपासून ते राखायचं काम भुऱ्याचं. भुऱ्या म्हणजे सहा वर्षांचा, खच्ची केलेला, राखी रंगाचा बोका.

दिवाळीनंतर तो बिघडला. मागच्या दाराशी त्याच्यासाठी रेतीचं घमेलं होतं. इतकी वर्षं तो गुमान तिथेच जायचा, उकरायचा, झाकायचा. आता तो घमेल्यापर्यंत जायचा, एक पाय आत टाकायचा आणि परत फिरायचा. मग कधी न्हाणीच्या फरशीवर ओल दिसायची, कधी धुवायच्या कपड्यांवर. एका सकाळी धानाच्या कट्ट्यावर ओला डाग सापडला आणि घरातल्या कर्त्या मुलाचं डोकं फिरलं. 40 किलोचा कट्टा, वर्षाची मेहनत, आणि त्याला मांजराच्या मुताचा वास! त्याने बोक्याला मानेला धरलं, त्याचं नाक त्या डागावर घासलं आणि झाडूने अंगणात हाकललं.

रागाचं कारण खोटं नव्हतं. पण मार मांजराला कळत नाही, हे आपण ध्यानात घेत नाही. तासाभरापूर्वी केलेल्या गोष्टीची शिक्षा आत्ता होते आहे, हा हिशेब त्याच्या डोक्यात नसतो. त्याला एवढंच कळतं की हा माणूस मारतो. मग ते लपतं, धास्तावतं. धास्तावलेल्या मांजराला मूत्राशयाची सूज लवकर धरते. म्हणजे मारावं तसा त्रास वाढतो.

सून रोज फिनाइल ओतू लागली. घमेलंही फिनाइलनेच धुवायची. इतका उग्र वास मांजराच्या नाकाला सोसवत नाही. शिवाय पायाला लागलेलं फिनाइल ते चाटतं आणि त्यातली विषारी द्रव्यं त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. तिला हे कोण सांगणार? तिच्या मते ती घर स्वच्छ ठेवत होती.

बाबूजींची खाट त्याच सपरीत, कट्ट्यांच्या बाजूला. वय पंचाहत्तरीचं. खाटेखाली जुनी सतरंजी अंथरलेली. आठ-दहा दिवसांत त्या सतरंजीवर तीनदा ओल सापडली. प्रत्येक वेळी सून म्हणायची, "पाहा, म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापाशी बी सोडत नाही मेला!" बाबूजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

शेवटी मुलाने ठरवलं. रिकामा कट्टा काढला, भुऱ्याला त्यात कोंबलं, सुतळी बांधली. "बाघ नदीच्या पल्याड सोडून येतो. झंझटच नाही."

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. तेच म्हणणारी माणसं मांजर पोत्यात घालून नदीपार सोडायला कचरत नाहीत. घरात वाढलेलं, दूधभातावर जगलेलं जनावर अनोळखी रानात चार दिवस तरी तगेल का, याचा विचार होत नाही. भूकतहानेने हाल व्हावेत अशा जागी जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ते पापच होतं.

मोटारसायकल सुरू झाली तेव्हा बाबूजी खाटेवरून उठले. भिंतीला धरत दारापर्यंत आले.

"थांब जरासा."

"बाबूजी, तुम्ही मधात पडू नका."

"कट्ट्यावरचं त्याचं असन. सतरंजीवरचं माझं आहे."

मुलाला आधी समजलंच नाही. त्याने गाडी बंद केली.

"रात्री चार-चारदा उठा लागते मले. बसतो त होत नाही, आन् उठलो का थेंब थेंब गळते. न्हाणीपर्यंत पोहचत नाही मी. तुम्ही समद्यांनी भुऱ्यावर घेतलं, मी गप राहिलो. तुम्ही त्याले जे बोलत होते, ते मले आयकाचं नव्हतं."

सून दारातच थबकली. नातवाने तोवर सुतळी सोडायला घेतली होती.

बाबूजी पुढे म्हणाले, "आन् त्याले बी माझ्यावानीच होऊन राह्यलं. रात्री मी जागाच राहतो. पाहतो ना त्याले. न्हाणीत बसते, जोर करते, ओरडते. काल तांबडा थेंब पडला."

कट्टा उघडला तेव्हा भुऱ्या पळाला नाही. अंगाची जुडी करून तसाच बसून राहिला. मुलाने त्याला टोपलीत घातलं आणि नदीकडे निघालेली गाडी गोंदियाच्या रस्त्याला लावली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "उभ्याने, शेपूट वर करून भिंतीवर उडवतो, की खाली बसून करतो?" उभ्याने उडवणं म्हणजे हद्द आखणं, आणि खच्ची केल्यावर बहुतेक बोके ते सोडतात. हा बसून करत होता, तेही थेंब थेंब. डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय लिंबासारखं टणक लागलं. नर मांजराची मूत्रनळी फार अरुंद असते. सूज आली, खडे किंवा चिकट गाळ अडकला की ती तुंबते, आणि पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. "घमेल्यात बसलं की दुखतं, म्हणून त्याला वाटतं, दुखवणारं हे घमेलंच आहे. तो दुसरी जागा शोधतो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घरातली ताप-दुखीची गोळी तर दिली नाही ना? पॅरासिटामॉल मांजराला विष आहे."

दिली नव्हती. भूल देऊन नळी घातली, मूत्राशय मोकळं केलं.

तुमच्या घरी बोका असेल आणि तो पुन्हा पुन्हा बसून जोर करताना दिसला, तर कृपा करून सकाळची वाट पाहू नका. बद्धकोष्ठ असेल म्हणून एरंडेल पाजू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.

तीन दिवसांनी भुऱ्या घरी आला. एकाऐवजी दोन घमेली झाली, दोन वेगवेगळ्या शांत जागी, कारण एक मांजर असलं तरी दोन जागा असाव्यात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रेती रोज चाळायची, घमेलं साध्या साबणाने धुवायचं, फिनाइल बंद. मांजर मुळात कोरड्या मुलखातलं जनावर, पाणी कमी पितं. म्हणून त्याच्या भातात मासळीचं बिनमिठाचं पाणी जास्त घालायचं. जुन्या डागांचा वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जातं, म्हणून सुनेने ते कपडे दोनदा धुतले आणि डागाचा कट्टा रिकामा करून फेकला. महिनाभरात सपरी कोरडी झाली.

सतरंजीचं मात्र कोणी नाव काढलं नाही. पुढच्या मंगळवारी मुलाने काम बुडवलं आणि बाबूजींना गोंदियाला घेऊन गेला. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली निघाली. ती वाढली की लघवीची वाट दाबते. गोळ्या सुरू झाल्या.

आता खाटेशी रात्रभर छोटा दिवा असतो आणि हाताच्या अंतरावर झाकणाचं भांडं. सकाळी मुलगाच ते रिकामं करतो, बोक्याच्या घमेल्यांसोबत.