छायाचित्रातील शिपाई आणि आपले पितृऋण

सीमाभागातील जुन्या मराठी घरांत, बैठकीच्या भिंतीवर नाहीतर ट्रंकेच्या तळाशी, एखादे तपकिरी पडलेले छायाचित्र असतेच. डोईस फेटा, कमरेला पट्टा आणि समोर रोखलेली नजर. १९२२ पासून बेळगाव हे मराठा पलटणींचे केंद्र असल्याने आपल्याकडे अशा चित्रांची वानवा नाही. मात्र चित्रातील त्या माणसाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

घरात चालत आलेली कथा आणि चित्र यांचा मेळ बसतोच असे नाही. ‘आमचे पणजोबा सुभेदार होते’ असे तीन पिढ्या सांगितले जाते आणि चित्रातील बाहीवर दोनच फिती दिसतात, म्हणजे गृहस्थ तेव्हा नाईक होते. छातीवरील पदकांच्या फिती रंगांवरून ओळखू जावे तर तेथेही फसगत होते. त्या काळच्या पुष्कळशा काचांवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळा पांढुरका. पदक हाती असेल तर मात्र त्यावर कोरलेला क्रमांक, नाव व पलटण वाचून बराच उलगडा होतो. मग प्रश्न उरतो तो धैर्याचा. नाईकाला नाईक म्हटल्याने घराण्याची इभ्रत खरोखरच उणावते काय?

याहून अवघड प्रश्न त्या चाकरीचाच आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने उपासमार चालली होती, तरी असंख्य भारतीय शिपायांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत घोड्याचे मांस तोंडी लावले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापतीने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली आणि त्यांतील हजारो वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत मेली.

अशा माणसाचे चित्र हाती आले की आपण दोन टोकांना जातो. कोणी त्यावर विजयाची कहाणी रचतो, तर कोणी ‘इंग्रजांचा चाकर’ म्हणून ते अडगळीत टाकतो. आमच्या मते दोन्ही अन्यायच. एकात आपल्याला मिरवायचे असते, दुसऱ्यात आपल्याला हात झटकायचे असतात. त्या माणसाचा विचार दोहोंतही नाही. साम्राज्याचे ते युद्ध न्याय्य नव्हते असे आपण खुशाल म्हणावे. परंतु त्या युद्धात एका शेतकऱ्याच्या पोराने भोगलेली तहान आणि शेजारच्या शिपायाला दिलेली साथ त्यामुळे खोटी ठरत नाही.

त्यांच्या धन्यांनी त्यांची आठवण कशी ठेवली, तेही पाहावे. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या. या विषमतेची जाहीर कबुली आणि क्षमायाचना राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने केली ती २०२१ मध्ये, म्हणजे शतक उलटून गेल्यावर. ज्याला दगडावर केवळ आकडा मिळाला, त्याचा चेहरा उरला असेल तर तो त्याच्या घरीच.

आपल्याकडे पितरांना नाव घेऊन पाणी देतात आणि ती नावे बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांचीच असतात. १९१४ मध्ये बोटीवर चढलेला शिपाई आमच्या पिढीचा आजा, फार तर पणजा. आमच्या नातवंडांना तो त्या तीन नावांच्या पलीकडचा. त्याला ओळखणारे आपणच शेवटचे आहोत. दिवंगत सैनिकाची पदके नातलगाने छातीच्या उजव्या बाजूस लावावीत, डाव्या बाजूस नव्हे, असा ब्रिटन व इतर काही देशांत प्रघात आहे. डावी बाजू ज्याने ती मिळविली त्याची. पूर्वजांचा अभिमान बाळगण्याची हीच योग्य रीत आम्हांस वाटते.

तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर प्रत्येक चित्राच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव, पलटण व हुद्दा लिहून ठेवावा. जे ऐकीव असेल ते ‘ऐकीव’ म्हणून लिहावे आणि नावाची खात्री नसेल तेथे जागा कोरी सोडावी. त्या कोऱ्या जागेत पुढे कोणी खरे नाव लिहू शकेल. चुकीचे नाव एकदा पडले की खरा माणूस कायमचा पुसला जातो.