खसखशीच्या दाण्यापासून

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगरीत आर्किमिडीज नावाचा गणिती राहत होता. वाळूचे कण अगणित आहेत, ते मोजणे कुणालाच शक्य नाही, असे तेव्हा पुष्कळ लोक मानत. ग्रीकांकडे नाव असलेली सर्वांत मोठी संख्या म्हणजे मिरियड, दहा हजार. त्यांच्या अंकांत शून्य नव्हते आणि घातांक लिहायची रीतही नव्हती. तरी आर्किमिडीजने गेलॉन राजाला उद्देशून एक ग्रंथ लिहिला आणि सांगितले, की समुद्रकाठचीच काय, सारे विश्व वाळूने भरले तरी कण मोजता येतील.

त्याने सुरुवात केली खसखशीच्या एका दाण्यापासून. दाण्याएवढ्या जागेत वाळूचे कण फार तर दहा हजार, म्हणजे १० चा चौथा घात. बोटाच्या रुंदीत दाणे फार तर चाळीस. मग बोटभर व्यासाच्या गोलात? व्यास चाळीसपट, म्हणून घनफळ ४० × ४० × ४०, म्हणजे ६४,००० पट. कण झाले ६४ कोटी. आज आपण प्रमाणरूपात ही संख्या ६.४ गुणिले १० चा आठवा घात अशी लिहू. अंदाज कमी पडू नये म्हणून त्याने ती वाढवून थेट १० चा नववा घात धरली.

पुढची पायरी मात्र थांबून बघावी. त्याने व्यास शंभरपट केला. शंभर म्हणजे १० चा दुसरा घात, आणि तो लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे लागतो. म्हणून दोन त्रिक सहा, १० चा सहावा घात. दहाने आधी नऊ वेळा गुणले होते, आता आणखी सहा वेळा: झाला पंधरावा घात. व्यास पुन्हा शंभरपट केला, एकविसावा. गुणाकारात घातांकांची बेरीज करायची हा नियम येतो तो इथूनच. हे ज्याला दिसले, तो १००० + १०० मध्ये घातांकांची बेरीज करून एक लाख लिहिणार नाही, कारण तिथे गुणाकार झालेलाच नसतो. फळ्यावर नियमाची चौकट काढण्याआधी मुलांना असे दहा एकेक करून मांडू द्यावेत, असे मला कळकळीने वाटते. नुसता पाठ केलेला नियम परीक्षेत दगा देतो; उलगडून पाहिलेला नियम आपला होतो.

आर्किमिडीज असाच पायरीपायरीने चढत गेला आणि सूर्य मध्याशी मानणाऱ्या ॲरिस्टार्कसच्या अफाट विश्वापर्यंत पोचला. ते ठासून भरायला लागणारे कण १० च्या त्रेसष्टाव्या घातापेक्षा कमीच भरले.