भाड्याची पावती

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात भाड्याच्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे. दिवाळीची आवराआवर निघाली की तो बाहेर येतो, झटकला जातो आणि पुन्हा आत जातो. यंदा मी तो वाचीत बसलो. आधी वडिलांच्या नावाच्या पावत्या, मग माझ्या. शाई बदलली, मालकाच्या जागी त्यांच्या सुनेची सही आली; आकडा मात्र मुंगीच्या पावलांनी चालला. गिरगावातल्या या दोन खोल्यांचे भाडे आजही शंभर रुपयांच्या आत आहे. तेवढ्यात एका माणसाची मिसळ आणि चहा झाला तरी पुष्कळ!

गठ्ठा वाचायला कारणही तसेच होते. चाळ पाडून तिथे टॉवर उठायचा आहे आणि संमतीपत्रावर माझी सही व्हायची आहे. सही केली की जी जागा जन्मभराच्या पगारात मला घेता आली नसती, ती फुकट मिळणार. आनंद झाला, हे कबूल करतो. पण मागोमाग एक अडचणीचा प्रश्न आला : हे मी कशाने मिळवले? पुष्कळ विचार केला तेव्हा एकच उत्तर सापडले. मी हललो नाही, एवढेच माझे कर्तृत्व!

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० सालचे भाडे हेच योग्य भाडे ठरवले. कायदा दयाळू होता, यात शंका नाही. तो नसता तर माझ्या कारकून वडिलांचे बिऱ्हाड केव्हाच रस्त्यावर आले असते. पण औदार्य सरकारचे आणि खिसा मालकाचा, असा तो प्रकार होता. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली; शंभराच्या आतल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती, हे तिसरीतले पोरही सांगेल. मालक म्हणजे सावकार आणि भाडेकरू म्हणजे गरीब, हे समीकरण आम्ही लहानपणीच पाठ केले. आमच्या मालकीणबाई याच चाळीत वरच्या मजल्यावर राहतात आणि पावसाळ्यात त्यांच्याही घरात बादल्या मांडलेल्या असतात. चार दशके मी हे पाहतो आहे आणि चार दशके समीकरण मोडलेले नाही. ते मोडणे मला परवडण्यासारखे नव्हते.

बरे, या दयेने नवागताचे काय केले? शहरात जागा धरून बसलेला उठेना, मालक नवे बांधीना, आणि ज्याच्याकडे रिकामी खोली तो भाडेकरूच्या धास्तीने तिला कुलूप लावी. २०११ च्या शिरगणतीत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी निघाली, आणि त्याच शहरातली शंभरातली चाळीसहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत! सगळा दोष कायद्याचा नाही. पुष्कळ घरे कोणी राहावे म्हणून नव्हे, पैसा ठेवावा म्हणून घेतलेली असतात. पण आपण लोकलच्या डब्यात शिरेपर्यंत ‘आत चला, आत चला’ म्हणून ओरडतो आणि शिरल्यावर दारातल्या माणसाला ‘मागची गाडी रिकामी आहे’ म्हणून सांगतो, तसे आम्हां पावतीवाल्यांचे झाले खरे. माझ्या पुतण्याने वीस वर्षांचे कर्ज काढून बदलापूरला घर घेतले. तो मागच्या गाडीचा उतारू.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई नालासोपाऱ्याहून येतात. त्यांचे सासरे लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी बंद पडली, तेव्हा त्यांनी पागडी घेऊन खोली सोडली. म्हणजे पावतीच विकली. पुढे १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम असा फिरवला की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. त्या जमिनीवर आता काय उभे आहे, ते परळच्या पुलावरून जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. माझ्या वडिलांनी पावती ठेवली, बाईंच्या सासऱ्यांनी विकली. एकाची नोकरी टिकली, दुसऱ्याची गेली, फरक तेवढाच. त्याचा हिशेब आज त्या चार पंचवीसच्या गाडीत उभ्या राहून देतात.

संमतीपत्र टेबलावर होते. बाई फरशी पुसत होत्या. ‘‘भाऊ, चाळ पाडल्यावर तुम्ही कुठं ऱ्हाणार?’’ त्यांनी विचारले.

‘‘तीनेक वर्षं बोरिवलीला. भाड्यानं.’’

त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘मग बरंच झालं की! मला जवळ पडंल.’’

तीन वर्षांनी आम्ही पुन्हा गिरगावात येणार, हे मी त्यांना सांगितले नाही. सही केली, पावत्यांचा गठ्ठा बांधला आणि खणात ठेवून दिला.