दाबलेल्या रागाची जबानी

आदळआपट करणाऱ्याचा राग घरादाराला कळतो. गिळलेला राग कळतो तो दवाखान्यात, तोही उशिरा. छातीवर दडपण, घशात गोळा, अंगात उसळणारी आग, लांब सुस्कारे. कोरियात या दुखण्याला ह्वाब्यंग म्हणतात. रोगी बहुतेक मध्यमवयीन, संसारी बायका. काय झालं विचारलं तर त्या नवऱ्याचं, सासूचं, गरिबीचं सांगतात, आणि म्हणतात, ‘माझ्यावर अन्याय झाला.’

डॉक्टर हे वाक्य लक्षणांत टिपून घेतो. ते जबानी म्हणून ऐकायला हवं.

१९९४ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने ह्वाब्यंगला परिशिष्टात जागा दिली. २०१३च्या आवृत्तीतल्या परिशिष्टात ते नाही. नोंद गेली, रोगी आहेतच. सोलमधली पारंपरिक कोरियन वैद्यकाची रुग्णालयं त्यांच्यावर सुया आणि काढ्यांनी उपचार करतात. तिथे जाणारी बाई ‘छाती जळते’ म्हणाली, तर तिला आधी मनाचा आजार कबूल करावा लागत नाही. मला हा मोठाच दिलासा वाटतो.

गिळायला लागणारा अन्याय घरातलाच असतो असं नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९९२च्या दंगलीत कोरियन लोकांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली वा जाळली गेली. वाचवायला पोलीस आले नाहीत, हा त्या दुकानदारांचा सल. अशा माणसाला राग आवरायला शिकवणं म्हणजे त्याची तक्रार दप्तरी दाखल करणं.

परदेशातल्या कोरियन आजीसोबत दवाखान्यात दुभाषा म्हणून बहुधा मुलगा किंवा नवरा येतो. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्याच तोंडून ती काय बोलणार? बाहेरचा दुभाषा मिळवून देणं हा उपचाराचाच भाग आहे.

संस्कृती जाणणं वेगळं, तिच्यापुढे मान तुकवणं वेगळं. ‘सोसणं ही तुमची परंपरा’ असं आदराने म्हणणारा समुपदेशक सासूचीच बाजू घेतो. कोरियन बाई स्वभावाने सोशीक नसते. बोलण्याची किंमत तिला ठाऊक असते.

ती किंमत कायद्यातही होती. कोरियात कुटुंबाची सरकारी नोंद पुरुष कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली होत असे. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या घराच्या नोंदीत जाई. बायकांच्या संघटना त्याविरुद्ध अनेक दशकं झगडल्या. २००५ साली घटना न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८पासून ती बंद झाली.