पथ्य आणि पूरके: हार्ट फेल्युअरचा हिशेब

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही. शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद उरत नाही. मूत्रपिंडांपर्यंत रक्त कमी पोचू लागले की शरीरातले पाणी आटल्यासारखा प्रतिसाद ती देतात आणि मीठ व पाणी धरून ठेवतात. हे जादा पाणी आधीच दमलेल्या हृदयालाच ओढावे लागते. मग पावलांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, आडवे झाले की श्वास कोंडतो. या आजारात काय खावे, काय टाळावे, याचे उत्तर या साखळीतच आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठीही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ सुचवले आहे. भारतातला सरासरी वापर त्याहून बराच जास्त आहे. मात्र मीठ जितके कमी तितके बरे, असेही सिद्ध झालेले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सोडियम-एचएफ’ या चाचणीत सुमारे ८०० रुग्णांपैकी निम्म्यांना दिवसाला १,५०० मिलिग्रॅमहून कमी सोडियमचा आहार सुचवला गेला. त्याने मृत्यू किंवा रुग्णालयातल्या फेऱ्या ठळकपणे घटल्या नाहीत. रोजच्या जगण्यात थोडा आराम पडला. पण ज्यांच्याशी तुलना झाली त्या रुग्णांचे मीठही दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपासच होते. म्हणून या निष्कर्षाचा आधार घेऊन ताटातले लोणचे-पापड चालू ठेवता येत नाहीत. अळणी जेवणाचा अट्टहास नको, पण अतिरेकी मीठ सुटलेच पाहिजे.

हे मीठ वरून घेतलेल्या चिमटीपेक्षा तयार पदार्थांतून जास्त येते: लोणचे, पापड, सांडगी मिरची, खारवलेली मासळी, फरसाण, वेफर्स, पाव, पाकिटातले सूप. पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागत नसले तरी त्यांत सोडियम असते. पाण्यात फसफसणाऱ्या पित्तशामक पुड्यांतही ते असते. सैंधव उपवासाला चालते, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ‘कमी सोडियम’ असे लिहिलेल्या मिठाचा धोका वेगळा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. हार्ट फेल्युअरची अनेक औषधे, विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिलसारख्या गोळ्या, शरीरातले पोटॅशियम वाढवतात. त्यात हे मीठ किंवा रोजचे शहाळ्याचे पाणी यांची भर पडली, आणि मूत्रपिंडेही अशक्त असली, तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. फोडणीत लसूण, आले, जिरे, कोकम, लिंबू यांचा हात सैल सोडणे हा त्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे.

पाण्याचा नियम सर्वांना सारखा नाही. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना सरसकट दीड लिटरवर रोखल्याने फायदा होतो, असे अलीकडच्या चाचणीत दिसले नाही. तहान मात्र वाढली. सूज जास्त असेल किंवा रक्तातले सोडियम घटले असेल, तर डॉक्टर मर्यादा ठरवतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून वाढले तर ती चरबी नसते, साठलेले पाणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. उलट आजार लांबला की स्नायू झिजतात. म्हणून पथ्याच्या नावाखाली रुग्णाला नुसत्या पेजेवर ठेवणे घातक आहे. डाळ, दही, अंडी, ताजी मासळी थोडी थोडी, पण दिवसातून अनेकदा मिळायला हवी.

पूरकांची पारख याच काटेकोरपणाने व्हायला हवी. अर्जुनसादड्याच्या सालीला आयुर्वेदात हृदयरोगावर मोठे स्थान आहे आणि जुन्या, अगदी लहान चाचण्यांत आशादायक निष्कर्षही आले होते. पण नेहमीची औषधे घेणाऱ्या १०० रुग्णांवर भारतात झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सालीच्या अर्काने हृदयाची पंपशक्ती वाढली नाही. युरोपातल्या हॉथॉर्न वनस्पतीची चाचणी अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर झाली. मुख्य उद्दिष्ट साधले नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ने २००८ च्या इटलीतल्या मोठ्या चाचणीत मृत्युदर २९ वरून २७ टक्क्यांवर आणला: लाभ खरा, पण छोटा. कोएन्झाइम क्यू-१० घेणाऱ्यांत गंभीर घटना कमी दिसल्या. मात्र ती चाचणी ४२० रुग्णांचीच होती आणि तेवढ्यावर ठाम शिफारस करता येत नाही. लोहाची कमतरता असलेल्यांना शिरेतून दिलेल्या लोहाने बरे वाटते. लोहाच्या गोळ्यांनी तसा फरक दिसला नाही.

काही नैसर्गिक गोष्टी तर उघड अपाय करतात. घसा बसला की चघळले जाणारे ज्येष्ठमध भरपूर घेतले तर मीठ-पाणी साठवते आणि पोटॅशियम घटवते. लसूण किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. स्वयंपाकातल्या प्रमाणाची ही गोष्ट नव्हे.

म्हणजे वनस्पती निरुपयोगी, असा याचा अर्थ होत नाही. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने जलोदर आणि सूज यांवरच्या एका घरगुती काढ्यातून डिजिटालिस ही वनस्पती वेगळी काढली, वर्षानुवर्षे रुग्णांवर तिची मात्रा ठरवली आणि १७८५ मध्ये यशासोबत अपयशही नोंदवून ग्रंथ लिहिला. त्याच कुळातले डिगॉक्सिन आजही निवडक रुग्णांना दिले जाते आणि मात्रा जरा चुकली तरी विषारी ठरते. वनस्पतीचे औषध होते ते मोजमापाने. म्हणून प्रत्येक पूरकाला तेच प्रश्न विचारावेत: मात्रा किती, किती रुग्णांवर पारखले, चालू औषधांशी जमते का?

आयुष्य वाढवणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. मर्यादित पैशांत संसार चालवणाऱ्या घरात महागड्या पूरकांसाठी त्यातली एखादी गोळी थांबली, तर तो तोटा भरून निघत नाही. डॉक्टरांनी काढे-चूर्णांची चौकशी न रागावता करावी, आणि रुग्णाने ती न लपवता सांगावीत. आधी औषधे नियमित, मग मिठावर लक्ष, रोजचे वजन आणि पुरेसे अन्न. पूरकांचा विचार त्यानंतर, आणि तोही डॉक्टरांना विचारून.