शिकली तरी हंडा तिच्याच डोक्यावर?

शहापूर तालुक्यात पाणीटंचाई म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. तानसा धरण इथलंच, १८९२ सालचं. भातसाही इथलंच. मुंबईची तहान भागवणारं पाणी आमच्या शेजारून जातं आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक पाडे टँकरची वाट बघत बसतात. पाऊस धो धो पडतो, पण कातळावरून वाहून जातो. हल्ली तर त्याचा काही भरवसाही राहिला नाही.

आमच्या मोठ्या काकू शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण कुठली विहीर कधी आटते, ओहोळात कुठे उकरलं की पाझर लागतो, हे त्यांना तोंडपाठ. गावात पाण्याची टाकी बांधायची ठरली तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही.

नातीला सातवीनंतर शिकवायचं का, यावर घरात बोलणं निघालं. मी अर्थातच तिच्या बाजूने. काकू म्हणाल्या, “शिकव ना रे, नको कोण म्हणतंय? पण शिकली तरी हंडा तिच्याच डोक्यावर ना?”

मुली शिकल्या की हवामानबदलाशी झुंजायला पुढारपण मिळेल, असं आता सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. डोंबिवलीत माझ्या घरी पंखा, फ्रिज, गाडी. आणि पृथ्वी सावरायची कोणी, तर जिच्या घरात दिवसातून दोनदा वीज जाते त्या पोरीने! पोरीला शिकवायचं ते तिच्यासाठी. जगाचं एक काम उरकायला नव्हे.

शहाणपणाला शाळाच लागते असंही नाही. घाटापलीकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता गावरान बियाणं जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मग अक्षरं कशाला? मुरबाडच्या फांगण्यात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा निघाली, तिथल्या म्हाताऱ्यांना आपली सही करायची होती. अंगठ्यावर कोण काय लिहून घेतं, हे बायकांना चांगलं ठाऊक असतं. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी किती ठिकाणी कागद नवराच वाचतो.

नात शिकली. गेल्या उन्हाळ्यात तिने नळयोजनेचा कागद काकूंना वाचून दाखवला, तेव्हा विहिरीवर तिचा भाऊ गेला होता, कुरकुरत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ज्या विहिरीवरून पाणी घेणार, ती फाल्गुनातच आटते. ते कुठं लिवलंय?”